एक तसबीर मुंबईत आहे

आमच्या धंद्यात माणूस गेल्यानंतरच गिऱ्हाईक होतो. माझ्या दुकानाच्या पाटीवर पासपोर्ट, साखरपुडा, लग्न, वाढदिवस असं सगळं लिहिलेलं होतं आणि ते सगळं मी केलंही. पण अकोल्याच्या जुन्या शहरात बत्तीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ चालला, तो गेलेल्या माणसांमुळे. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाला याहून शांत काम मिळालं नसतं. गिऱ्हाईक बोलायचं थोडं, आणि ज्याचं काम करायचं तो तर काहीच बोलायचा नाही.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरचं माणूस गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलगा किंवा पुतण्या दुकानात येतो. हातात कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो असतो, नाहीतर ओळखपत्र, हल्ली मोबाइल. त्यातल्या नखाएवढ्या चेहऱ्यातून हात-दीड हात उंचीचा माणूस तयार करायचा, तोही तेराव्याच्या आत. चेहरा कापून घ्यायचा, मागचा मंडप पुसायचा, तिथे निळा रंग भरायचा. ग्रुप फोटोत माणसाच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात असतो, तो काढायचा. हा हात काढणं सगळ्यात किचकट. इतक्या लोकांच्या खांद्यांवरचे इतके हात मी पुसले, की शेवटी शेवटी मला ते काम करताना चोरी करत असल्यासारखं वाटायचं.

मग कोट. आमच्याकडे जन्मभर बंडी घातलेल्या माणसालाही भिंतीवर कोट लागतो. माझ्याकडे कोट एकच होता, माझ्या मेव्हण्याच्या लग्नातला. त्याचा धडापुरता फोटो काढून ठेवला होता. वर चेहरा बसवायचा, की झालं. एकदा मूर्तिजापूरला एका ओळखीच्या घरी भेटायला गेलो. त्या एका गल्लीत चार घरांच्या ओसरीवर चार वेगवेगळे म्हातारे तोच कोट घालून बसले होते. खिशातला रुमालसुद्धा तोच. चौघांचंही आयुष्यात एकमेकांशी पटलं नव्हतं, असं नंतर कळलं.

डोळ्यांचं काम माझ्या बायकोचं, सुमनचं. पुष्कळ लोकांकडे वडलांचा फोटो असतो तो झोपलेला, किंवा नेमके डोळे मिटलेला. सुमन ते उघडायची. उघडायची म्हणजे दुसऱ्याचे बसवायची. तिच्या वडलांचे डोळे मोठे, पाणीदार, कुठल्याही चेहऱ्यात बसायचे. त्यामुळे कुठल्याही घरी सांत्वनाला गेली की भिंतीवरून तिचे वडील तिच्याकडे बघायचे. ती पदर डोळ्यांना लावायची आणि घरची माणसं म्हणायची, “बाईले लयच वाईट वाटलं.”

सुमन गेली त्याला आता तीन वर्षं होतील. तिचा फोटो मी अजून लावलेला नाही. फोटो पुष्कळ आहेत.

ती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट आहे. दुकान उघडायचो, पण काम घ्यायचो नाही. पुस्तक वाचत बसायचो. अशात वलगावचा एक गृहस्थ आला. नाव प्रभाकर, पन्नाशीचा, भाजीपाला करणारा. अमरावतीतल्या दोन-तीन दुकानांत जाऊन आलेला. गावाजवळचं अमरावती सोडून हा अकोल्यापर्यंत आला म्हणजे काम नेहमीचं नाही, हे मला कळलं.

“बाबायचा फोटो मोठा करून पायजे,” तो म्हणाला.

“आणा.”

“तोच तं नाही ना.”

“मग काय मोठं करू?”

“फोटो नाही, पण तसबीर हाये. मुंबईले. मोठ्या सरकारी चित्राच्या घरात.”

मी पुस्तक मिटलं.

त्याचे वडील किसनराव तरुणपणी दोन वर्षं मुंबईला हातगाडी ओढायला गेले होते. भाजीबाजाराजवळ चित्रकलेचं कॉलेज होतं. तिथली मुलं दुपारी त्यांना चहा-पैसे देऊन समोर बसवायची आणि चित्रं काढायची. पुढे गावी येऊन लग्न झालं, वांगी-मेथी सुरू झाली. बऱ्याच वर्षांनी त्या मुलांपैकी एकाचं कार्ड आलं, की किसनराव, तुमचं चित्र सरकारने विकत घेतलं, मोठ्या कलादालनात ठेवलं आहे. ते कार्ड वाळवीने खाल्लं. चित्र सरकारात आणि पुरावा वाळवीत, म्हणून गाव जन्मभर हसलं. गावातला तुळशीराम न्हावी तर त्यांना खुर्चीवर बसवताना रोज म्हणायचा, “बसा मुंबईवाले, हलू नका, तसबीर बिघडन.” किसनरावांनी मात्र नंतर हौसेने एकही फोटो काढू दिला नाही. लग्नात ग्रुप फोटो निघायला लागला की ते मांडवाबाहेर जायचे. म्हणायचे, माझी एक तसबीर आहे, दुसरी कशाला?

“ओळखपत्र असेल ना?” मी विचारलं.

“हाये. मायले दाखवलं. माय म्हणते, हा मानूस माह्या घरचा नाही. रांगेत उभा असलेला कोनी हाये.”

वर्षश्राद्धाला दोन महिने होते. माय, म्हणजे गोदाबाई, भिंतीवर दुसरं काही लावू देत नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं, की पन्नास वर्षं लोक या माणसाला थापाड्या म्हणाले. तसबीर असेल तर ती घरात येऊ दे आणि नसेल तर तेही मला मरायच्या आधी कळू दे.

मी जायला का तयार झालो, हे मला नीट सांगता येत नाही. हजारो चित्रांना चौकटी केल्या, पण मोठं कलादालन मी कधी पाहिलं नव्हतं, हे एक कारण असेल. प्रभाकर आणि त्याची आई अमरावतीहून त्याच गाडीने निघाले, मी अकोल्याला चढलो. गोदाबाई ऐंशीच्या घरातल्या, बारीक, ताठ. “मी ओळखीन, तुमी काय ओळखान?” असं सांगून स्वतःच निघालेल्या. डब्यात मी बसतो न बसतो तोच त्यांनी विचारलं, “तुह्या घरी कोनाची तसबीर लावेल हाये रे बावा?”

“कुणाचीच नाही, आजी.”

“बरं हाये मंग,” त्या समाधानाने म्हणाल्या. “सुखी हायेस.”

मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

कलादालनाच्या दारात पहिली अडचण आली. गोदाबाईंनी चपला काढल्या. तिथला पहारेकरी सभ्य माणूस होता. म्हणाला, “आजी, इथं चपला चालतात.”

“मयताच्या घरात चपला घालून जाते का कोनी?”

त्याला समजलं नाही, मला समजलं. आमच्याकडे जिवंत माणसाचा फोटो एकटा, चौकटीत, भिंतीवर लावत नाहीत. एकट्या माणसाची चौकट भिंतीवर दिसली की तो गेलेला, हा नियम. नवीन घरात पाय ठेवला की बाया आधी भिंत पाहतात, मग आवाज लहान करून विचारतात. गोदाबाईंच्या दृष्टीने आम्ही एका अशा घरात आलो होतो, जिथली फार माणसं गेली होती.

पहिल्या दालनात पगडीवाले, मिश्यांचे गृहस्थ होते. गोदाबाई एकेकासमोर थांबल्या, हात जोडले. पहारेकरी मागे मागे येत होता. त्याला त्यांनी विचारलं, “हे कधी गेले?”

“लई वर्षं झाली, आजी.”

“कशानं?”

त्याने वाकून चित्राखालची चिठ्ठी वाचली. “ते लिहिलेलं नाही.”

“बाई हाये का मागं?”

“असेल ना.” मग त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, “आता नसेल.”

“राम राम,” गोदाबाई म्हणाल्या आणि पुढच्या चित्रासमोर गेल्या. तिसऱ्या चित्रापर्यंत तो पहारेकरी स्वतःहून सांगायला लागला होता, “हे पण गेले. आणि ही त्यांची मंडळी वाटते.” प्रभाकर खाली मान घालून चालत होता. मी मात्र चौकटी बघत होतो. काही चौकटींचे सांधे सुटलेले होते, माझ्या हाताला खाज सुटली.

वरच्या मजल्यावर हल्लीची चित्रं होती. एका भिंतीवर पुरुषभर उंचीची एक चौकट, आत सगळा राखाडी रंग आणि खाली एक लाल पट्टी. गोदाबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या त्या हलेनात. शेजारच्या चौकटीत नुसता पिवळा रंग होता. त्यापुढच्यात काळे ठिपके. त्यांनी सगळी भिंत पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

“काय झालं माय?” प्रभाकर म्हणाला.

“यायचा कोनाचाच फोटो नाही भेटला रे,” त्या म्हणाल्या. “केवढी मोठी फ्रेम केली पोरायनं. रंग भरला, सारं केलं. आन् फोटोच नाही भेटला.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुह्याकडं याले पायजे होतं यायनं.”

माझ्या कामाची इतकी कदर आजवर कुणी केली नव्हती. शेजारी वही घेऊन उभ्या असलेल्या एका मुलीने त्यांचं वाक्य उतरवून घेतलं. मी त्या राखाडी चित्राकडे पुन्हा पाहिलं. खालची चिठ्ठी वाचली, तीत चित्रकाराने काहीतरी अवघड लिहिलं होतं. मला गोदाबाईंचंच पटलं.

किसनराव मात्र कुठल्याच भिंतीवर नव्हते. पहारेकऱ्याने आम्हाला कार्यालयात नेलं. तिथे एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की सगळी चित्रं भिंतीवर नसतात, पुष्कळ गोदामात असतात. चित्राचं नाव काय?

“किसन,” गोदाबाई म्हणाल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी घेतलेलं प्रभाकरने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

“चित्राचं नाव,” मॅडम म्हणाल्या. “बसलेला माणूस, म्हातारा, हमाल, असं काही असतं.”

कॉम्प्युटरवर त्या एकेक बसलेला माणूस काढू लागल्या. गोदाबाई स्क्रीनला नाक लावून बसल्या. “हा नाही. हा नाही. हा तं खाऊन-पिऊन सुखी हाये. हा नाही. याले कामच नाही, नुस्ता बसला.” मॅडमनी बोलता बोलता एक चित्र पुढे सरकवलं. त्यात माणूस नव्हता, नुसती पाठ होती. कुणीतरी उघड्या अंगाने स्टुलावर पाठमोरा बसलेला. मॅडम पुढे जाणार, तोच गोदाबाईंनी त्यांचा हात धरला.

“हे.”

“आजी, यात चेहरा नाही.”

“हे.”

नोंदीत चित्रकाराचं नाव होतं. चित्राचं नाव: ‘पाठमोरा माणूस, अभ्यासचित्र’. बसलेल्याचं नाव नव्हतं. खाली एक शेरा होता: डाव्या खांद्याखाली वाटोळा डाग, रंग खराब झालेला, दुरुस्ती करावी. मॅडमनी तो वाचून दाखवला.

“डाग कायचा?” गोदाबाई म्हणाल्या. “लहानपनी बैलानं शिंग मारलं होतं त्यायले. तेल लावता लावता माहे बोटं झिजले तिथं. हात नका लावू म्हना त्याले.”

मॅडमनी तो शेरा पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी वरिष्ठांना फोन केला, मग आणखी कुणाला. दुपारी दोघे जण हातमोजे घालून गोदामातून चित्र घेऊन आले.

“हळू बावा,” गोदाबाई म्हणाल्या, “त्यायची कंबर दुखते.”

ते दोघे खरोखर हळू चालायला लागले.

चित्र टेबलाला टेकवून ठेवलं. काम उत्तम होतं, हे मलाही कळत होतं. मानेवरून पाठीच्या कण्याकडे येणारा उजेड, ओझ्याने आत गेलेले खांदे आणि तो डाग. मी आयुष्यभर असे डाग एका क्लिकने पुसले होते. गिऱ्हाईक सांगायच्या आधीच.

प्रभाकरने मला बाजूला घेतलं. त्याचा चेहरा पडला होता. “सर, गावाले काय दाखवू? पाठ?” मग म्हणाला, “तुमी डोळे उघडता, कोट घालता. थोडे इकडं वळवता येतीन का?”

एकदा घेतलेल्या कामाला मी बत्तीस वर्षांत नाही म्हटलेलं नव्हतं. म्हणून खरंच विचार केला. आता म्हणे मशीनला सांगितलं की मशीन चेहरा करून देतं. ओळखपत्रावरचे डोळे, या खांद्यांवर...

“कोनाले वळवता?” गोदाबाईंनी ऐकलं होतं. “लग्न झालं तवापासून हे पुढं आन् मी मागं. वावरात जाताना, बाजारात, लग्नाकार्याले. साठ वर्सं मी हेच पायलं. तोंड काय, जेवाले बसले की दिसे, तेबी खाली घातलेलं. राहू दे जसेच्या तसे.”

प्रश्न तिथे संपला. मग अर्ज. फोटो घ्यायचा तर अर्ज भरावा लागतो. मॅडम विचारत होत्या आणि लिहीत होत्या. “उद्देश कोणता? संशोधन, प्रकाशन की व्यावसायिक?”

“वर्षश्राद्ध,” प्रभाकर म्हणाला.

तो रकाना नव्हता. मॅडमनी पेनने एक नवीन ओढला. मग नोंदीत बसलेल्याचं नाव पेन्सिलने लिहिलं आणि म्हणाल्या, “पक्कं लिहायला पुरावा लागेल.”

“मी काय हाये मंग?” गोदाबाई म्हणाल्या.

तरी पेन्सिलच राहिली. सरकारी कामात बायको हा पुरावा होत नाही.

त्या चित्राची प्रत मी जशी काढली, तशी दुसरी कुठलीच काढली नाही. काही पुसलं नाही, काही भरलं नाही. डाग राहिला. मागचा रंग मळकट होता, तोही राहिला. निळा केला नाही. सागाची साधी चौकट केली आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी स्वतः घेऊन वलगावला गेलो.

अंगणात माणसं जमली होती. तसबीर खुर्चीवर ठेवली. आधी कुजबुज झाली, मग एक जण उठला आणि चेहरा पलीकडच्या बाजूला असेल म्हणून मागे डोकावून पाहून आला. परत येऊन म्हणाला, “तिकडं पुठ्ठा हाये.” कुणीतरी हसलं. प्रभाकर माझ्याकडे पाहत होता. मला वाटलं, याच्या बापाला आज गाव पुन्हा एकदा थापाड्या ठरवणार, तेही मी केलेल्या चौकटीत.

मग तुळशीराम न्हावी पुढे आला. फार म्हातारा झालेला, हात कापणारा. खाली बसला, चष्मा पुसला आणि तसबिरीच्या मानेजवळ तोंड नेलं. 

“दोन भोवरे,” तो म्हणाला. “मानेवर केस डावीकडं वळते. चाळीस वर्सं हे मान भादरली मी.” तो मागे वळला. “काहून हसून राहिले रे? किसनच हाये हा. मुंबईत जाऊन बसला होता, खरंच बसला होता.” आणि त्याने चार माणसांत रडायला सुरुवात केली. लोकांना तोंडं पाहून जे पटलं नसतं, ते न्हाव्याच्या शब्दावर पटलं.

गंध कुठे लावायचं यावर थोडा वाद झाला. ब्राह्मण म्हणाले, शास्त्रात कपाळ सांगितलं आहे. शेवटी चौकटीला लावलं. नैवेद्याचं पान आलं तेव्हा मात्र गोदाबाईंनी सुनेला अडवलं. “पाठीमागं ताट ठेवते का कोनी जेवनाऱ्याच्या? त्यायच्या पुढं ठेव.”

पुढे म्हणजे पलीकडे. खुर्ची भिंतीपासून ओढून अंगणाच्या मध्यावर आणली. पान चौकटीच्या पाठीमागे गेलं. मग पाया पडायचं तर तिकडूनच, म्हणून सगळे वळसा घालून एकामागून एक गेले आणि ज्या पुठ्ठ्यासमोर वाकले, त्यावर माझ्या दुकानाची चिठ्ठी होती: फोटो मोठे करून व फ्रेम करून मिळतील. माझ्या धंद्याला असा मान कधी मिळाला नव्हता. चिठ्ठी काढायला हवी होती हे मला तेव्हा सुचलं, पण उशीर झाला होता.

सगळे जेवायला बसले तेव्हा गोदाबाई पंगतीत नव्हत्या. त्या खुर्चीच्या पलीकडे, पुठ्ठ्यासमोर पानाजवळ बसल्या होत्या, एकट्या. पानावरची माशी त्यांनी पदराने उडवली. मी पाणी प्यायला तिकडून जात होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“जेवा आता,” त्या म्हणत होत्या. “खरं निंगालं तुमचं.”